स्लाइडवर देशांचे झेंडे: सगळे एकाच मापाचे करायचे का?

रेघोटी

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्याकडे वेगवेगळ्या देशांतल्या संस्थांची बैठक आहे आणि सुरुवातीच्या पीपीटीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पीपीटी तशी छोटीच, पण त्यातली एक स्लाइड नुसती झेंड्यांची: तीसेक देश, प्रत्येकाचा झेंडा, खाली नाव. साहेबांच्या मते अर्ध्या तासाचं काम. तो अर्धा तास काही संपत नाहीये.

पहिली अडचण मापाची. मी सगळ्यांसाठी सारख्या चौकटी आखल्या. भारत, फ्रान्स, जपान, इटली मुकाट्याने बसले. मग स्वित्झर्लंड चौरस निघाला, बेल्जियम चौरसाच्या जवळपास, कतार म्हणजे लांबच लांब पट्टी आणि नेपाळचं तर विचारूच नका. साहेब म्हणतात, सगळे ओढून एका मापाचे कर, रांग सरळ दिसली पाहिजे. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हे धड सांगता येत नाही, त्यामुळे वाद घालता येत नाही.

शिवाय एका सहकाऱ्याने मॅकवर इमोजीचे झेंडे टाकून नमुना पाठवला. त्याच्याकडे छान दिसतात म्हणे. माझ्या विंडोजवर त्या जागी नुसती अक्षरं येतात: आयएन, एफआर, जेपी. फाइल बिघडली आहे का?

ऑफिसच्या टेम्प्लेटमध्ये फोटोसाठी जी जागा ठेवलेली असते तिच्यात झेंडा टाकला की कडा कापल्या जातात. आणि शेवटचं, अफगाणिस्तान आणि सीरिया. दोन्हीकडचे लोक येणार आहेत. शोधलं की दोन-दोन झेंडे पुढे येतात. कुठला लावू?

---

घाईचंकाम

साहेबांचं ऐका आणि सुटा. समोर बसलेला माणूस पट्टी घेऊन झेंडे मोजत नाही. वेबसाइटवाले वापरतात तो फ्लॅग-आयकॉन्स नावाचा तयार संच आहे. त्यात जगातले सगळे झेंडे ४:३ मापात (रुंदी ४, उंची ३) मिळतात, चौरसही मिळतात. उचला, रांगेत लावा, चहा प्या. नेपाळही त्यात चौकटीत बसवलेला आहे.

अफगाणिस्तानबद्दल मात्र साहेबांनाच विचारा. ते तुमच्या पगारात बसत नाही.

---

खिळेजुळारी

रेघोटी, तुम्हाला का पटत नाहीये ते मी सांगते. इंडोनेशिया आणि मोनॅको शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही वर लाल, खाली पांढरे. उंची आधी, रुंदी नंतर असं वाचलं तर इंडोनेशियाचा झेंडा २:३, मोनॅकोचा ४:५. लाल रंगाच्या छटेतला फरक प्रोजेक्टरवर कुणाच्या बापाला कळणार नाही, म्हणजे ओळखायला उरतं ते फक्त माप. दोघांना ओढून एका चौकटीत कोंबलंत की एकच झेंडा दोनदा लावल्यासारखा होतो. साहेबांना एवढं एक उदाहरण दाखवलंत तरी पुरे.

मी बरीच वर्षं अशाच बैठकांचे फलक, टेबलावरच्या पाट्या आणि आता स्लाइड करते. झेंड्याच्या बाबतीत एक गोष्ट पक्की बसलीय: सभागृहातले बाकी सगळे लोक ती स्लाइड दोन सेकंद बघतात, पण प्रत्येक जण स्वतःचा झेंडा मात्र नीट बघतो. घाईचंकाम म्हणतात तसं पट्टी घेऊन कुणी मोजत नाही हे खरं. मोजावं लागतच नाही. लहानपणापासून जो झेंडा बघितलाय तो जरा चेपलेला असला तरी डोळ्याला खुपतो. आपला तिरंगा कुणी चौरस करून दाखवला तर आपल्याला कळणार नाही का?

बहुतेक देशांनी हे गुणोत्तर कायद्यात किंवा सरकारी आदेशात लिहून ठेवलंय. भारत २:३, जर्मनी ३:५, बेल्जियम १३:१५, कतार ११:२८. अमेरिकेचं १०:१९ असं विचित्र माप आहे, ते १९५९ च्या अध्यक्षीय आदेशातलं. जपानचा झेंडा आधी ७:१० होता आणि लाल गोळा मध्यापासून किंचित काठीकडे सरकलेला होता. १९९९ च्या कायद्याने माप २:३ झालं आणि गोळा बरोबर मधोमध आला. नेपाळने तर कमालच केली आहे. झेंडा कसा आखायचा याची भूमितीची कृती त्यांनी राज्यघटनेच्या अनुसूचीत पायरीपायरीने दिलीय. ही रेघ आखा, इथे बिंदू घ्या, तिथून समांतर काढा. एवढं करून ठेवलेल्या माणसांसमोर त्यांचा झेंडा आयतात चिणून ठेवणं बरं दिसत नाही.

आता रांग सरळ कशी दिसणार, हा साहेबांचा मुद्दा रास्त आहे. उंची सारखी ठेवली तर कतार अख्खी रांग खाऊन टाकतो. रुंदी सारखी ठेवली तर स्वित्झर्लंड बाकीच्यांच्या डोक्यावर चढून बसतो. मी क्षेत्रफळ सारखं ठेवते. ही माझी अक्कल नव्हे. २००२ साली स्वित्झर्लंड संयुक्त राष्ट्रांत दाखल झालं तेव्हा त्यांच्या चौरस झेंड्याचा हाच प्रश्न आला होता. तोड अशी निघाली की चौरस राहू दे, पण त्याचं क्षेत्रफळ इतरांच्या झेंड्यांपेक्षा जास्त नको.

समजा प्रत्येकाला ६ चौरस सेंटिमीटर द्यायचे ठरवले. भारत, फ्रान्स, इटली २ बाय ३ सेंटिमीटर. जर्मनी १.९ बाय ३.१६. अमेरिका १.७८ बाय ३.३८. स्वित्झर्लंड २.४५ बाय २.४५. कतार १.५४ बाय ३.९. एक्सेलमध्ये दोन रकाने करा: रुंदीला उंचीने भागून आलेला आकडा एका रकान्यात, आणि दुसऱ्यात ६ ला त्या आकड्याने भागून वर्गमूळ. ती झाली उंची. पॉवरपॉइंटमध्ये 'लॉक आस्पेक्ट रेशो'ची खूण ठेवून नुसती उंची टाकायची, रुंदी आपोआप येते. आली ती रुंदी हिशोबाशी जुळली नाही तर समजायचं, मिळालेली फाइलच कुणीतरी आधी ओढलेली आहे. हा या पद्धतीचा फुकटचा फायदा.

नेपाळचं थोडं वेगळं. त्याची उंची रुंदीच्या साधारण १.२२ पट आहे, पण भोवतालच्या चौकटीचा बराच भाग रिकामा असतो. चौकटीचं क्षेत्रफळ धरलं तर तो बिचारा दिसतो. मी नजरेने जरा वाढवून घेते. इथे हिशोबापेक्षा डोळा खरा.

मापाइतकीच काळजी आतल्या चित्राची घ्या. देश चुकणं तर सगळ्यात वाईट. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या महिला फुटबॉल संघाची ओळख करून देताना पडद्यावर दक्षिण कोरियाचा झेंडा झळकला होता. संघ मैदान सोडून आत गेला आणि सामना तासभर उशिरा सुरू झाला. ते ठळक प्रकरण. पण देश बरोबर असूनही झेंडा चुकीचा, हे जास्त वेळा होतं आणि ते पकडायला जवळून बघावं लागतं. २०१६ ला रिओत चीनचे झेंडे असेच होते. चार लहान तारे सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे. खऱ्या झेंड्यात प्रत्येक लहान ताऱ्याचं एक टोक मोठ्या ताऱ्याच्या केंद्राकडे वळलेलं असतं, म्हणजे चारही वेगवेगळे कललेले. पदकं घेताना चिनी लोकांनी ते लगेच हेरलं.

दक्षिण कोरियाचा तपासायला सोपी खूण देते. चार कोपऱ्यांतल्या काळ्या पट्ट्यांचे तुकडे मोजा. वर डावीकडे ३, वर उजवीकडे ५, खाली डावीकडे ४, खाली उजवीकडे ६. मधल्या वर्तुळात लाल वर, निळा खाली. फुकटच्या चित्रसंचांत हे कोपरे हटकून अदलाबदल झालेले असतात. ब्रिटनच्या झेंड्यात काठीकडच्या, म्हणजे डाव्या, वरच्या कोपऱ्यात तिरक्या पट्ट्याची रुंद पांढरी कड वर हवी. ती खाली दिसली तर झेंडा उलटा. बांगलादेशाचा लाल गोळा मधोमध नसतो, काठीकडे सरकलेला असतो. कुणीतरी 'नीट' करायला जाऊन तो मध्यभागी आणतो.

आणि कृपा करून कुठलाही झेंडा मांडणीच्या सोयीसाठी आडवा फ्लिप करू नका. आयर्लंड उलटा केला की आयव्हरी कोस्ट होतो, माली उलटा केला की गिनी. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर तर कलमा लिहिलेला आहे, तो आरशातल्यासारखा उलटा छापला गेला तर काय होईल ते सांगायला नको. फिलिपिन्सचा वरखाली करू नका. लाल पट्टा वर म्हणजे त्यांच्याकडे युद्धाची खूण आहे. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिका आणि आसियान नेत्यांच्या बैठकीत नेमकं हेच झालं होतं.

अफगाणिस्तान आणि सीरिया ही दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत, एका पिशवीत घालू नका. सीरियाचा झेंडा डिसेंबर २०२४ मध्ये सत्ता बदलल्यावर बदलला. आता हिरवा, पांढरा, काळा आणि मध्ये तीन लाल तारे. मार्च २०२५ च्या घटनात्मक जाहीरनाम्यातही तोच आहे. लाल, पांढरा, काळा आणि दोन हिरवे तारे असलेला जुना झाला. इथे उत्तर सरळ आहे. अफगाणिस्तानात २०२१ पासून तालिबानचा पांढरा झेंडा आहे, पण संयुक्त राष्ट्रांत काळा-लाल-हिरवा तिरंगीच लागतो. यातला कुठला, हे स्लाइड करणाऱ्याने ठरवायचं नसतं. कोण येतंय, कुणाच्या वतीने येतंय, हे बोलावणाऱ्यांना ठाऊक असतं. साहेबांना मेल करा आणि उत्तरही मेलवरच घ्या. तोंडी उत्तर नको. तैवान, कोसोवो, पॅलेस्टाइन यादीत असतील तर तेही त्याच मेलमध्ये विचारून टाका.

---

पिक्सेलपांडू

खिळेजुळारीताईंनी मूळ गोष्टी सांगितल्याच आहेत. मी यंत्राकडचं बोलतो.

इमोजी: तुमची फाइल बिघडलेली नाही. झेंड्याचं इमोजी म्हणजे मुळात चित्र नसतंच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या अक्षरांच्या सामायिक यादीत, २०१० पासून खास अक्षरं आहेत. त्यातली दोन जोडून देशाचा कोड लिहायचा, आणि त्या जोडीच्या जागी झेंडा काढायचा की नाही हे फाँटवर सोडलेलं आहे. मॅकचा फाँट काढतो. विंडोजच्या इमोजी फाँटमध्ये देशांचे झेंडे ठेवलेलेच नाहीत, म्हणून कोडची अक्षरं दिसतात. शिवाय जिथे दिसतात तिथेही ते बहुतेक एका मापात कोंबलेले, कडा लाटेसारख्या किंवा गोलावलेल्या असतात. गप्पांत ठीक, अशा स्लाइडवर नको.

फाइल एसव्हीजी घ्या, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र. विकिमीडिया कॉमन्सवर जवळपास सगळ्या देशांच्या मिळतात आणि बहुतेक मापाला धरून असतात. पानाच्या तळाशी फाइलचा इतिहास असतो, कोणत्या तारखेला काय बदललं ते तिथे दिसतं. तो बघाच. एसव्हीजी पॉवरपॉइंट २०१९ आणि ३६५ मध्ये थेट घालता येतं. लिब्रेऑफिसलाही चालतं. गूगल स्लाइड्स एसव्हीजी घेत नाही, तिथे पारदर्शक पीएनजी. जेपीजी अजिबात नको, नेपाळभोवती पांढरा डबा येतो आणि रंगीत स्लाइडवर तो डोळ्यात जातो.

एसव्हीजीची एक खोड सांगून ठेवतो. जपान, पोलंड, इंडोनेशिया पांढऱ्या स्लाइडवर विरघळतात, म्हणून माणूस बारीक कड द्यायला जातो. साध्या फोटोला पिक्चर बॉर्डर दिली की चौकट येते. एसव्हीजीला ग्राफिक्स आउटलाइन दिली की कड आतल्या प्रत्येक आकाराला लागते. अमेरिकेच्या पन्नासही ताऱ्यांना राखाडी काठ! आणि ग्राफिक्स फिलला चुकून हात लागला तर अख्खा झेंडा एका रंगाचा. उपाय साधा आहे. झेंड्याच्या मापाचा, आत रंग न भरलेला एक आयत काढा, त्याला अर्धा पॉइंट फिकट राखाडी रेघ द्या, झेंड्यावर ठेवा आणि दोन्ही ग्रुप करा. नेपाळला याची गरज नाही, त्याची निळी किनार झेंड्यातच आहे. गडद स्लाइड असेल तर हाच त्रास उलट बाजूने होतो, जर्मनीचा काळा पट्टा गायब होतो.

कडा कापल्या जातात ते टेम्प्लेटमुळे. फोटोसाठी ठेवलेला प्लेसहोल्डर चित्र ओढत नाही, जागा भरेपर्यंत मोठं करतो आणि उरलेलं कापतो. क्रॉपखाली 'फिट' निवडलं की पूर्ण झेंडा परत येतो. त्याहून बरं म्हणजे प्लेसहोल्डर वापरूच नका, कोऱ्या लेआउटवर काम करा. पॉवरपॉइंटच्या 'डिझायनर' सोयीची ती सुचवण्यांची पट्टी उजवीकडे उघडली तर बंद करा, तीही कापाकापी करते.

मोठ्या रिझोल्यूशनच्या मागे लागू नका. रुंद स्लाइड ३३.८७ सेंटिमीटरची असते. प्रोजेक्टर १९२० पिक्सेलचा असेल तर ३ सेंटिमीटरचा झेंडा पडद्यावर १७० पिक्सेलचा होतो. त्यात ब्राझीलच्या पट्टीवरची अक्षरं वाचता येणार नाहीत, मूळ फाइल कितीही थोर असली तरी. छापील प्रत काढणार असाल तर मात्र एसव्हीजीचा फायदा दिसतो.

एआयकडून झेंडे काढून घ्यायचा मोह होत असेल तर सोडा. चित्र काढणारी ही यंत्रं 'झेंड्यासारखं' काहीतरी काढतात. तारे मोजायला बसा म्हणजे कळेल.

---

अंकलिपी

एक बारीकसं. फाइलींची नावं देशांच्या दोन अक्षरी कोडांवरून असतात आणि तिथेच गोची होते. सीएच म्हणजे चीन नव्हे, स्वित्झर्लंड. चीन सीएन. एटी ऑस्ट्रिया, एयू ऑस्ट्रेलिया. एनई नायजर, एनजी नायजेरिया. एसआय स्लोव्हेनिया, एसके स्लोव्हाकिया, आणि या दोघांचे झेंडे लहान मापात एकमेकांसारखेच दिसतात, तेव्हा नजरेनेही पकडता येत नाही. यादी पायथनमधून काढत असाल तर नामिबिया शोधा. त्याचा कोड एनए, आणि तक्ते वाचणारं पायथनचं पांडास हे साधन त्याला 'माहिती नाही' समजून ती जागा रिकामी करतं. देशच गायब.

---

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. इंडोनेशिया आणि मोनॅको दाखवल्यावर साहेब थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग कर तुला हवं तसं." मोनॅको आमच्या यादीत नाही, हे मी बोलले नाही.

अफगाणिस्तानचा मेल गेला. उत्तर यायचंय.

आता दोन शंका. क्षेत्रफळ सारखं केलं तर झेंडे खरंच एका वजनाचे दिसतात, पण उंची कमीजास्त असल्यामुळे खाली लिहिलेली नावं वरखाली होतात. काय करू? आणि तिरंग्याबद्दल. मला तीन फाइली मिळाल्या. एकात चक्र पांढऱ्या पट्ट्याला वरखाली चिकटलंय, एकात थोडी जागा सोडलीय, एकात चक्र फारच लहान आहे. आऱ्या तिन्हींत २४ आहेत, मोजल्या. बरोबर कुठला?

---

खिळेजुळारी

नावं झेंड्याला बांधू नका, रकान्याला बांधा. आठ रकाने, चार ओळी आखल्या तर प्रत्येक घर साधारण ४ बाय ४ सेंटिमीटरचं पडतं, बत्तीस जागा होतात. प्रत्येक झेंडा आपल्या घरात आडवा आणि उभा मध्यावर ठेवा. नावाची ओळ सगळ्यांची एकाच उंचीवर, घराच्या तळाशी. कतारखाली जरा जास्त मोकळी जागा राहील, नेपाळखाली कमी. राहू दे. डोळा नावांची ओळ धरून चालतो, त्याला रांग सरळ वाटते. फक्त दोन लांबुळके झेंडे शेजारी येत असतील तर बघा. क्रम वर्णानुक्रमाने लावाल तेव्हा तसं आलं तर क्रम मोडू नका, घराची रुंदी वाढवा. क्रम मोडला की "आम्ही शेवटी का?" हा मेल येतोच. आणि नाव लिहिलेलंच हवं, झेंडा ओळखीचा असला तरी. चाड आणि रोमानियाचे पट्टे निळ्याच्या एका छटेने वेगळे आहेत. लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्सचंही तेच.

तिरंग्यावर तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. पट्ट्याला टेकलेला पहिला झेंडा सरळ बाद. पण उरलेल्या दोनांत दुसरा लगेच बरोबर आणि तिसरा चूक असंही म्हणता येत नाही. आपल्याकडे झेंड्याची नऊ प्रमाणित मापं आहेत आणि प्रत्येकाला चक्राचा व्यास वेगळा दिलेला आहे. ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या झेंड्यात पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा आणि चक्र १८५ चं, म्हणजे वरखाली जेमतेम साडेसात मिलिमीटर मोकळे. सगळ्यात लहान १५० बाय १०० चा, जो टेबलावर ठेवतात, त्यात पट्टा साधारण ३३ मिलिमीटरचा आणि चक्र २५ चं. पट्ट्याच्या पाऊणपट. कापडावर इतक्या लहान जागी २४ आऱ्या शिवायच्या तर मोकळीक लागणारच.

पडद्यावर मी मोठ्या मापांचं प्रमाण घेते, पट्ट्याच्या नऊ-दशांशाच्या थोडं वर. बहुतेक चांगल्या फाइली त्याच्या आसपास असतात. तुमच्या १७० पिक्सेलच्या झेंड्यात चक्र साधारण ३५ पिक्सेलचं होईल आणि आऱ्या एकमेकींत मिसळून निळी जाळी दिसेल. त्याला इलाज नाही. आऱ्या सुट्या दिसाव्यात म्हणून कमी करणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नका. रंग मात्र बघा. चक्र गडद निळं हवं, नेव्ही ब्लू. आकाशी नको, काळंही नको. आणि तिरंग्यावर किंवा त्याच्या पट्ट्यांत बैठकीचं नाव, तारीख असलं काही लिहू नका. ध्वजसंहितेत झेंड्यावर अक्षरं लिहायला मनाई आहे. आपल्याकडच्या स्लाइडवाल्यांना पांढरा पट्टा दिसला की मजकूर सुचतो.

एक भर घालते. तुमच्या यादीत किर्गिझस्तान असेल तर सूर्याचे किरण बघा. डिसेंबर २०२३ च्या कायद्याने ते सरळ झाले, आधी लाटेसारखे वळलेले होते. मॉरिटानियाला २०१७ पासून वर आणि खाली लाल पट्टे आहेत. म्यानमारचा २०१० ला पूर्ण बदलला. जुन्या संचांत हे तिन्ही जुनेच असतात. घाईचंकाम यांनी सांगितलेला संच चालू आहे, त्यात बदल येत असतात. मी म्हणतेय ते लोकांच्या हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षं पडून असलेल्या संचांबद्दल.

---

घाईचंकाम

ताई, मान्य. पण माझं म्हणणंही अगदीच वाऱ्यावर सोडू नका. झेंडा जिथे नुसती खूण म्हणून येतो, म्हणजे तक्त्यात देशाच्या नावाआधी नखाएवढा, तिथे सगळे एका मापाचे घेतले तर काही बिघडत नाही. तिथे क्षेत्रफळाचं गणित करत बसलात तर कतारची पट्टी दोन मिलिमीटरची होईल आणि नेपाळ कावळ्याच्या चोचीसारखा दिसेल.

---

खिळेजुळारी

तक्त्यात चालेल. नेपाळ तिथेही चौकटीत ताणू नका, आहे तसा उभा ठेवा, बाजूला जागा सुटली तर सुटू दे. आणि भाषा निवडायच्या यादीत झेंडे लावणार असाल तर तिथे मुळात लावूच नका. स्पॅनिशपुढे स्पेनचा लावला की मेक्सिकोवाले विचारणार, आणि हिंदी-मराठी-तमिळपुढे तुम्ही तिरंगाच तीनदा लावणार का?

रेघोटी, शेवटचं काम सांगते, ते सगळ्यात उपयोगाचं. स्लाइड झाली की तिची पीडीएफ काढा आणि प्रत्येक देशाच्या संपर्कातल्या माणसाला पाठवा. अख्खी स्लाइड तपासा म्हणू नका, कुणी तपासत नाही. एवढंच लिहा: "तुमच्या देशाचं नाव आणि झेंडा बरोबर आहे का, ते कृपया कळवा." उत्तरासाठी तारीख घाला. बैठकीच्या आठवडाभर आधीची.

---

रेघोटी

पाठवते. अफगाणिस्तानचं उत्तर आलं, त्या प्रतिनिधींनी स्वतःच सांगितलंय की देशाचा झेंडा नको, संस्थेचं बोधचिन्ह लावा. आता ते बोधचिन्ह जेपीजीत आलंय, पांढऱ्या डब्यासकट. पिक्सेलपांडू, आहात का?

---

पिक्सेलपांडू

आहे. चित्र निवडा, पिक्चर फॉरमॅटमध्ये कलरखाली 'सेट ट्रान्सपरंट कलर' आहे, ते घेऊन पांढऱ्यावर टिचकी मारा. कडेला पांढरे ठिपके राहिले तर त्यांच्याकडूनच पीएनजी मागवा. बोधचिन्हाच्या आतही पांढरं असेल तर हा उपाय करू नका, तेही आरपार होईल.